निवात म्हणजे निर्वात नव्हे : चिकित्सालयातील वायुवीजनाचा विचार

क्रांती चौकातून जालना रस्त्याने जाणाऱ्या वैद्यमित्रांनी एखाद्या सकाळी दोन्ही बाजूंच्या व्यापारी संकुलांकडे थोडे लक्षपूर्वक पाहावे, अशी आमची विनंती आहे. १८५७ च्या उठावातील सैनिकांना ज्या ठिकाणी देहदंड दिला गेला, तो काळा चबुतरा येथलाच. आज तेथे उड्डाणपूल आहे, उंच चौथऱ्यावर शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे आणि दिवसभर न थांबणारी वाहनांची रांग आहे. या परिसरातील संकुलांमध्ये जी असंख्य चिकित्सालये आहेत, त्यांतील बहुतेकांची ठेवण सारखीच असते. समोर लोखंडी शटर, त्यामागे काचेचे दार, आत प्लायवूडच्या भिंतीने पाडलेले दोन वा तीन कप्पे, वर पोटमाळा आणि मागची भिंत शेजारच्या गाळ्याशी सामाईक. वर कोठे एखादी झडप असलीच तर ती जुन्या दिनदर्शिकेच्या पुठ्ठ्याने बंद केलेली. रस्त्यावरची धूळ, धूर व भोंग्यांचा आवाज टाळण्यासाठी हे सारे केलेले असते, आणि त्यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. परंतु अशा बंद खोलीत दिवसभरात तीस-चाळीस रुग्ण येऊन बसतात, खोकतात, बोलतात. बाजूच्या कप्प्यात स्वेदनाची वाफ चालू असते आणि सायंकाळी धूपन होते. ही सर्व हवा जाते कोठे, आणि तिच्या जागी नवी हवा येते कोठून, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा शास्त्रदृष्ट्या व व्यवहारदृष्ट्या विचार करण्याचे योजिले आहे.

आमचा एक प्रमाद

दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी स्वतःची चूक सांगणे उचित ठरेल. काही वर्षांपूर्वी आमच्या चिकित्सालयाची मागील खिडकी आम्ही धुळीला कंटाळून कायमची बंद केली. पंचकर्माच्या खोलीत बाष्पस्वेदासाठी गॅसची शेगडी होती. हिवाळ्याचे दिवस असल्याने रुग्णास थंड वारा लागू नये म्हणून दारही लोटलेले असे. थोड्याच दिवसांत तेथे काम करणाऱ्या परिचारिकेस दुपारच्या सुमारास डोके दुखणे, मळमळणे व भोवळ येणे असा त्रास सुरू झाला. उपवास, जागरण, अवेळी भोजन अशी पित्तप्रकोपाची कारणे आम्हांस सहज सापडली व आम्ही सूतशेखर देऊन मोकळे झालो. गुण येईना. एके दिवशी ती सहज म्हणाली, “डॉक्टर, घरी गेले की डोकं आपोआप थांबतं. रविवारी तर दुखतच नाही.” तरीही आमच्या ध्यानात आले नाही.

ते ध्यानात आणून दिले वैजापूरकडील एका वृद्ध शेतकरी रुग्णाने. स्वेदन आटोपून बाहेर येता येता ते म्हणाले, “वैद्यबुवा, आमच्या माळवदाच्या घराला धूर जायला साणं असतं. तुमच्या या खोलीला तेवढंही नाही.” त्याच दिवशी खिडकी उघडली, शेगडी खोलीबाहेर नेली व वाफ नळीने आत घेतली. परिचारिकेची डोकेदुखी पुन्हा उद्भवली नाही. हेतुपरीक्षा हा ज्या शास्त्राचा पाया, त्या शास्त्राचे आम्ही उपासक. आणि हेतू आमच्याच चार भिंतींत असताना तो आम्ही रुग्णाच्या आहारात शोधत होतो.

कोंडलेल्या खोलीत प्राणवायू अपुरा पडू लागला की गॅसचे वा कोळशाचे ज्वलन अपूर्ण होते व कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, गंध नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट ओढीने संयोग पावतो. शिरःशूल, भ्रम, हृल्लास ही त्याची आरंभीची लक्षणे, आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर ती कमी होणे ही त्याची खूण. मात्रा वाढल्यास मूर्च्छा व मृत्यूही संभवतो. न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे होणाऱ्या मृत्यूंचे कारण हेच असते. म्हणून हा विषय केवळ सुखसोयीचा नाही.

शास्त्राला अभिप्रेत असलेले आगार

“रुग्णाला निवात स्थानी ठेवावे” हे वाक्य आपण सर्वांनी पाठ केलेले आहे आणि बंद खोलीचे समर्थन याच वाक्याने केले जाते. म्हणून ‘निवात’ शब्दाचा अर्थ प्रथम पाहू. पाणिनीने अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायात हा शब्द वातत्राण, म्हणजे वाऱ्यापासून रक्षण, या अर्थाने घेतला आहे. वाऱ्याचा थेट मारा नसणे म्हणजे निवात. हवाच नसणे म्हणजे निर्वात. या दोहोंत जे अंतर आहे, तेच चिकित्सालय व कोठार यांत आहे.

चरकाचार्यांनी तर शंकेला जागाच ठेवलेली नाही. सूत्रस्थानाच्या पंधराव्या, उपकल्पनीय अध्यायात संशोधनासाठी उभारावयाच्या आगाराचे वर्णन करताना त्यांनी ‘निवात’ या पदाला लागूनच ‘प्रवातैकदेश’ हे पद योजिले आहे. खोली वाऱ्याच्या माऱ्यापासून सुरक्षित असावी, परंतु तिचा एक भाग असा असावा की जेथून वारा भरपूर खेळेल. त्याच ठिकाणी ते पुढे सांगतात की आत सुखाने हिंडता-फिरता यावे. ते उंच वास्तूच्या वा डोंगराच्या लगत दबलेले नसावे. धूर, ऊन, पाणी व धूळ यांचा तेथे शिरकाव होऊ नये. अनिष्ट शब्द व गंध तेथे पोहोचू नयेत. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात कुमारागाराचे वर्णन येते, तेथेही खोली अंधारी नसावी असे सांगून निवात व प्रवातैकदेश ही दोन्ही पदे पुन्हा एकत्र आली आहेत. नवजात बालकासाठीही आचार्यांना बंद खोली मान्य नव्हती, हे यावरून स्पष्ट होते.

याहून मार्मिक उदाहरण स्वेदाध्यायात आहे. जेन्ताक स्वेदासाठी सोळा अरत्नी उंच व तितकेच रुंद, वर्तुळाकार, मातीने लिंपलेले कूटागार सांगितले आहे, आणि त्याला अनेक वातायने असावीत असे स्पष्ट म्हटले आहे. मध्यभागी भट्टी पेटवावी, लाकडे नीट जळून धूर नाहीसा झाला आहे व खोली योग्य उष्म्याने भरली आहे याची खात्री करावी, आणि मगच रुग्णाला आत घ्यावे, असा क्रम आहे. म्हणजे उष्णता राहावी आणि धूम जावा, ही दोन्ही कार्ये एकाच वास्तूत साधण्याची युक्ती तेथे आहे. याउलट कुटीस्वेदाची कुटी जाड भिंतींची व खिडकीविरहित सांगितली आहे आणि तीत निखाऱ्यांच्या शेगड्या ठेवावयाच्या आहेत. येथे आम्हांस स्पष्ट बोलले पाहिजे. निखारा निर्धूम असला तरी निर्विष नसतो; कार्बन मोनॉक्साइड धगधगत्या कोळशातूनही निघतो. आजच्या सिमेंट-काँक्रीटच्या, काचेने बंद केलेल्या खोलीत शेगड्या मांडून कुटीस्वेदाचे अनुकरण करणे धोक्याचे आहे. तेथे उष्णतेचा स्रोत विजेचा असावा किंवा ज्वलन खोलीबाहेर असावे. शास्त्राचा हेतू स्वेदन हा आहे, शेगडी हा नव्हे.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात प्रवात व निवात यांचे गुणदोष सांगितले आहेत. प्रवाताने रूक्षता, विवर्णता व स्तब्धता येते, पण दाह, स्वेद, मूर्च्छा व तृष्णा शमतात. ग्रीष्म व शरद ऋतूंत सुखकर वारा घ्यावा आणि आरोग्यासाठी निवाताचे सेवन नेहमी करावे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात पूर्व, दक्षिण, पश्चिम व उत्तर या चारही दिशांच्या वाऱ्यांचे निरनिराळे गुण दिलेले आहेत. खिडकी कोणत्या दिशेला हवी, हा प्रश्न वास्तुशास्त्रज्ञांच्या आधी आपल्या संहितांनी विचारलेला आहे. आणि चरकाच्या जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात विकृत वायूची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत असात्म्य गंध, बाष्प, वाळू, धूळ व धूर यांनी उपहत झालेला वायू येतो. आमच्या बंद खोलीत यांतील वाळू सोडून बहुधा सर्व काही होते.

आपल्याच परिसरातील पाठ

वायुवीजनाचे शिक्षण घेण्यास फार दूर जावे लागत नाही. क्रांती चौकापासून थोड्याच अंतरावर पाणचक्की आहे. तेथील विस्तीर्ण हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. वर पाण्याचा थर व खाली सावलीतील खांबांचे दालन, अशा रचनेमुळे वैशाखातही तेथे गारवा असतो. बीबी का मकबऱ्यातील जाळ्यांनी ऊन अडते, पण हवा अडत नाही. मलिक अंबरने खडकी नगरीसाठी जी नहर बांधली, तिच्या मार्गावर ठिकठिकाणी दगडी मनोरे उभारलेले आहेत. नळात कोंडलेली हवा बाहेर पडण्यास वाट असावी, हा त्यांचा एक हेतू होता. पाण्यालाही वाहण्यासाठी हवेला वाट द्यावी लागते, हे त्या काळच्या कारागिरांनी जाणले होते.

दौलताबादच्या किल्ल्यातील अंधारी हा याच ज्ञानाचा उलट उपयोग आहे. त्या बोगद्याच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झाकणावर आग पेटवून शत्रूची वाट उष्णतेने व धुराने रोखण्याची योजना होती, आणि त्या आगीला हवा मिळावी म्हणून खडकातून झोतासाठी छिद्र ठेवले होते. हवेचा मार्ग ज्याच्या हाती, त्याच्या हाती किल्ला! अजिंठ्याच्या चित्रित लेण्यांत एका वेळी मोजक्याच दर्शकांना सोडले जाते. माणसांच्या श्वासातील आर्द्रता व कर्बवायू यांनी चित्रांची हानी होते, हे त्यामागील कारण आहे. भिंतीवरील चित्राला जी हवा सोसवत नाही, ती आपल्या प्रतीक्षाकक्षातील कासरुग्णाने का सोसावी, असा प्रश्न आमच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

मराठवाड्यातील माळवदाचे घर तर आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. जाड मातीच्या भिंती, लाकडी लादणीवर पांढऱ्या मातीचे छत आणि स्वयंपाकघराच्या डोक्यावर साणे. चुलीने तापलेली हवा हलकी होऊन साण्यातून वर जाते व तिची जागा घेण्यास अंगणाकडील दारातून थंड हवा आत येते. वाड्याचा चौक हेच कार्य मोठ्या प्रमाणावर करतो. यंत्र नाही, वीज नाही, तरी हवा दिवसभर चालती राहते. साणे बुजवून सिमेंटचा स्लॅब आला, तेव्हा घर पक्के झाले खरे. पण त्याचा श्वास अडला.

हवा कशी चालते व किती लागते

नैसर्गिक वायुवीजनाच्या प्रेरणा दोनच. एक वाऱ्याचा दाब, दुसरी उष्णतेने होणारे ऊर्ध्वगमन. वारा ज्या भिंतीवर येतो तेथे दाब वाढतो व विरुद्ध बाजूस घटतो. म्हणून समोरासमोरच्या दोन भिंतींत उघडी असेल तर हवा खोलीतून आरपार जाते. एकाच भिंतीत दोन खिडक्या असून हा लाभ फारसा होत नाही. ऊर्ध्वगमनासाठी एक उघडी खाली व दुसरी शक्य तितकी वर हवी. दोहोंतील उंचीचे अंतर जितके अधिक, तितका प्रवाह अधिक. जुन्या इमारतींत उंच छताखाली झडपा ठेवीत, त्या यासाठीच.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली आरोग्यसंस्थांतील नैसर्गिक वायुवीजनाविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत सर्वसाधारण कक्ष व बाह्यरुग्ण विभागासाठी दर रुग्णामागे दर सेकंदास ६० लिटर, तर हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या कक्षासाठी सरासरी १६० लिटर ताजी हवा असावी, असे म्हटले आहे. आरपार वायुवीजनाचा अंदाज काढण्याची सोपी रीतही त्यात आहे. वाऱ्याचा सेकंदाला मीटरमधील वेग, लहान उघडीचे चौरस मीटरमधील क्षेत्रफळ व ०.६५ यांचा गुणाकार केला म्हणजे दर सेकंदास किती घनमीटर हवा जाते ते कळते.

हे गणित आपल्या खोलीला लावून पाहू. खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद व ३ मीटर उंच, म्हणजे ३६ घनमीटरची आहे. समोरासमोर दोन खिडक्या असून लहान खिडकी १ चौरस मीटरची आहे. दाट वस्तीत वारा मंद असतो म्हणून वेग केवळ अर्धा मीटर धरू. गुणाकार ०.३२५ घनमीटर, म्हणजे सेकंदाला ३२५ लिटर येतो. पाच रुग्णांना पुरेल एवढी ही हवा आहे आणि तासाला सुमारे ३२ वेळा खोलीतील हवा पालटते. आता त्याच खिडकीसमोर कपाट आले व उघडी केवळ ०.२ चौरस मीटर उरली असे समजा. हवा ६५ लिटरवर येते, म्हणजे जेमतेम एका रुग्णापुरती, आणि तासाला सुमारे साडेसहा हवापालट. दुसरी खिडकी कितीही मोठी असली तरी उपयोग नाही, कारण प्रवाह ठरतो तो लहान उघडीवरून. स्रोतसाच्या संगाचा सिद्धांत जाणणाऱ्या वैद्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

हवापालटीचा संबंध संसर्गाशी कसा येतो तेही पाहावे. खोलीत सोडल्या गेलेल्या सूक्ष्म कणांपैकी ९९ टक्के निघून जाण्यास तासाला २ हवापालट असताना १३८ मिनिटे, ६ असताना ४६ मिनिटे व १२ असताना २३ मिनिटे लागतात. क्षयाचा रुग्ण तपासून गेल्यावर दहा मिनिटांनी त्याच बंद कप्प्यात एखादी गर्भिणी वा मधुमेही वृद्ध येऊन बसतात, तेव्हा काय घडते याची कल्पना या आकड्यांवरून यावी. क्षयरोगाचे जगातील सर्वाधिक रुग्ण आपल्या देशात आहेत, आणि त्यांतील अनेक जण निदान होण्यापूर्वी जीर्ण कासाची तक्रार घेऊन प्रथम आपल्याकडेच येतात. करोनाच्या साथीत हवेतून होणाऱ्या प्रसाराचे महत्त्व साऱ्या जगास पटले. क्षयाबाबत ते कित्येक दशके ठाऊक होते.

२००७ साली प्रसिद्ध झालेला पेरू देशातील लिमा शहराचा अभ्यास येथे उल्लेखनीय आहे. आठ रुग्णालयांतील सत्तर खोल्यांत दारे-खिडक्या उघडल्यावर तासाला २८ हवापालट आढळल्या, तर यांत्रिक वायुवीजनाच्या कक्षांसाठी शिफारस १२ हवापालटींची आहे. पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत हा आकडा ४० होता आणि नव्या इमारतींत १७. जुन्यांना हवा कळत होती, हा आपला अनुभव दूरदेशीच्या मोजमापानेही खरा ठरला.

यंत्राचे साहाय्य

नैसर्गिक वायुवीजन स्वस्त व विपुल असले तरी ते वाऱ्याच्या लहरीवर अवलंबून आहे. मागची भिंत बंद असलेल्या गाळ्यात तर ते होतच नाही. तेथे यंत्राचा आश्रय घ्यावा, त्यात कमीपणा नाही. तालपत्राच्या व वेळूच्या पंख्यांचे वेगवेगळे गुण आपल्या ग्रंथकारांनी नोंदविले आहेत. व्यजन हेही यंत्रच होय.

मात्र कोणते यंत्र काय करते हे नीट समजले पाहिजे. छताचा पंखा हवा आणत नाही व नेत नाही. आहे ती घुसळतो. घाम सुकतो व बरे वाटते, एवढेच. भिंतीवरचा नेहमीचा वातानुकूलन संच खोलीतीलच हवा थंड करून परत सोडतो. तो लावताना दारे-खिडक्या घट्ट बंद केल्या जातात, त्यामुळे खोली थंड होते आणि हवा शिळी राहते. शिळे अन्न शीतपेटीत ठेवल्याने ताजे होत नाही, तसेच हे आहे. ताजी हवा हवी असेल तर हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा, आत आणणारा पंखा किंवा दोन्ही लागतात.

एक्झॉस्ट पंखा निवडताना त्याच्या खोक्यावर लिहिलेला तासाला घनमीटरचा आकडा पाहावा. वरील ३६ घनमीटरच्या खोलीत १२ हवापालट हव्या असतील तर ४३२ घनमीटर लागतील. झडपा, जाळी व साचलेली धूळ यांमुळे प्रत्यक्ष प्रवाह कमी होतो, म्हणून लिहिलेला आकडा याहून बराच मोठा असावा. पंखा उंचावर व दाराच्या विरुद्ध टोकास हवा, आणि खाली हवा आत येण्यास जाळी वा फट हवी. पुष्कळ ठिकाणी पंखा दाराच्या डोक्यावरच असतो. तो दारातून आलेली हवा लगेच बाहेर फेकतो व खोलीतील हवा जागच्या जागी राहते. दुसरी दक्षता इमारतीच्या डक्टची. सर्व मजल्यांची शौचालये ज्या डक्टमध्ये उघडतात, त्यातून हवा आत घेऊ नये. तेथे केवळ बाहेर फेकावी.

तपासणीकक्षात हवेचा क्रम वैद्य, मग रुग्ण, मग बाहेर असा असावा. ताजी हवा वैद्याच्या पाठीमागून येऊन रुग्णाकडे जाईल अशी बैठक मांडावी. भारत सरकारने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या हवेतून होणाऱ्या संसर्गाच्या नियंत्रणविषयक मार्गदर्शिकेचा रोखही असाच आहे. केवळ मेज फिरवून, एक पैसाही खर्च न करता हे साधते. क्षारसूत्राच्या वा अन्य शल्यकर्माच्या खोलीत मात्र नियम उलटा. तेथे गाळलेली हवा आत सोडून दाब किंचित वाढता ठेवतात, म्हणजे बाहेरची धूळ आत येत नाही. तेथे खिडकी उघडून भागत नाही.

मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर हे उत्तम साधन आहे, कारण तो खिडकीबाहेर बसविला तर बाहेरचीच हवा गार करून आत आणतो. परंतु समोरची खिडकी उघडी ठेवली तरच तो काम करतो. अन्यथा खोलीत दमटपणा कोंडतो. त्याच्या टाकीतील पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामे करून टाकी घासावी, नाही तर डेंग्यूचा डास तेथेच वाढतो. वाळ्याच्या पडद्यांची जुनी परंपराच यात पुढे चालू आहे.

रस्त्याची धूळ आणि उघडी खिडकी

येथे वाचक विचारतील की क्रांती चौकासारख्या ठिकाणी खिडकी उघडली तर धूर व धूळच आत येणार, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. चरकाचार्यांनी प्रवातैकदेश सांगितला, सर्वदेश नव्हे. रस्त्याकडील बाजू बंद व मागची, गल्लीकडील वा वरच्या मजल्यावरील बाजू उघडी, असा विभाग करता येतो. वाहतूक वाढण्यापूर्वी सकाळी तासभर सर्व दारे-खिडक्या उघडाव्यात. मागे वाटच नसेल तर आत येणाऱ्या हवेच्या जाळीवर धुता येणारा गाळक बसवावा व तो दर आठवड्यास धुवावा. खोलीत ठेवावयाचे हवाशुद्धी यंत्र कण टिपते, पण कर्बवायू व कार्बन मोनॉक्साइड घालवीत नाही, हे विसरू नये.

धूपनाविषयीही दोन शब्द. सुश्रुताने व्रणितागारात मोहरी, निंबपत्र, घृत व लवण यांचे धूपन दिवसातून दोन वेळा सांगितले आहे. आपण ते अवश्य करावे, परंतु रुग्ण नसताना करावे व नंतर खोली मोकळी करावी. तमकश्वासाच्या रुग्णास धुरात बसवून ठेवणे हे धूपन नव्हे.

ऋतूनुसार योजना

ऋतुचर्या जशी देहाची, तशी चिकित्सालयाचीही असावी. ग्रीष्मात चरकाने दिवसा शीतगृह व रात्री मोकळे छत सांगितले आहे. त्यानुसार रात्री व पहाटे खोली उघडी ठेवून भिंती थंड होऊ द्याव्यात आणि दुपारी पश्चिमेचे ऊन पडद्याने अडवावे. वर्षा ऋतूत वाग्भटाने बाष्प, शीत व तुषार यांपासून मुक्त अशा वरच्या मजल्यावरील निवास सांगितला आहे. या दिवसांत भिंतीला ओल व बुरशी धरते, म्हणून स्वेदनखोलीचा एक्झॉस्ट पंखा काम संपल्यावरही अर्धा तास चालू ठेवावा व कूलर बंद करावा. शरदात संहितांनी पूर्वेचा वारा वर्ज्य सांगितला आहे आणि आपल्याकडे मोसमी पाऊस परतल्यावर वारा नेमका पूर्वेकडूनच वाहू लागतो. तेव्हा रुग्णाची शय्या पूर्वेच्या खिडकीसमोर नसावी. हेमंत-शिशिरात निवात, उष्ण गृह सांगितले आहे. या काळात खालच्या खिडक्या बंद कराव्यात पण वरच्या झडपा उघड्या ठेवाव्यात, म्हणजे वारा अंगावर येत नाही व हवा मात्र चालत राहते. आमचा प्रमाद याच ऋतूत घडला होता, हे येथे पुन्हा नमूद करतो.

परीक्षा

आपल्या खोलीची परीक्षा करण्यास मोठी साधने लागत नाहीत. उदबत्ती पेटवून ती प्रथम दाराशी, नंतर खिडकीशी व शेवटी रुग्णाच्या आसनापाशी धरावी. धुराची रेघ कोणत्या दिशेस जाते ते पाहावे; ती सरळ वर जाऊन छताखाली साचत असेल तर हवा थांबलेली आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी कर्बवायू मोजणारे लहान यंत्र आणावे. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण दशलक्षांत सुमारे ४२० भाग असते. प्रतीक्षाकक्षात ते १००० च्या वर राहत असेल तर इतरांच्या उच्छ्वासाचा मोठा अंश आपण पुन्हा आत घेत आहोत, असे समजावे. जेथे गॅस वा कोळसा जळतो तेथे कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे वेगळे यंत्र आवश्यक आहे. एकाचे काम दुसरे करीत नाही.

त्रैमासिकाच्या वाचकांना आमचे इतकेच सांगणे आहे की हा अंक हातावेगळा केल्यावर आपल्या चिकित्सालयातील प्रत्येक खिडकीपाशी एकदा जावे. जी उघडत नाही, ती का उघडत नाही ते पाहावे. जी उघडते, तिच्यासमोरचे कपाट हलवावे. झडपेवरचा पुठ्ठा काढावा. शेगडी बाहेर न्यावी. नाडी पाहण्यासाठी रुग्ण समोर बसतो तेव्हा तो श्वास घेतो ती हवा आपण त्यास दिलेली असते. औषधाची मात्रा आपण गुंजेत मोजतो. या हवेची मात्राही आपणच मोजावयाची आहे. त्या वृद्ध शेतकऱ्याने दाखविलेले साणे आज आमच्या खोलीत आहे, आणि आमची परिचारिका आजही आमच्याकडेच काम करते.